सिम्बॉल फाइल ‘संचयित’ करायची की आणून ठेवायची?

प्रश्न असा आला आहे. एका डीबगरच्या (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाच्या) माहितीपुस्तिकेचे मराठीकरण चालू आहे आणि त्यात एक वाक्य असे उतरले आहे: ‘डीबगर प्रतीक धारिका स्थानिक चकतीवर संचयित करतो व आवश्यकतेनुसार त्यांचा पुनर्वापर करतो.’ विचारणाऱ्यांना यातला ‘संचयित’ खटकतो. ‘कॅश’साठी, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या प्रतींसाठी, ‘संचय’, ‘साठा’, ‘बेगमी’ आणि ‘ठेव’ यांपैकी कोणते नाम घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

खटकतो ते बरोबरच आहे, पण त्या वाक्यात खटकण्यासारखा तो एकटाच शब्द नाही. पहिलाच ‘प्रतीक’ घ्या. प्रोग्रॅम कंपाइल झाला की त्यातली फंक्शनांची नावे, चले, ओळींचे क्रमांक ही माहिती बहुधा वेगळ्या फाइलीत काढून ठेवतात. विंडोजवर ती पीडीबी फाइल असते, लिनक्सवर तिला डीबग-इन्फो म्हणतात. प्रोग्रॅम कोसळला की डीबगरच्या हाती मेमरीतला नुसता आकडी पत्ता येतो. त्या पत्त्यावर कोणते फंक्शन राहते, हे या फाइलीवरून कळते. तिच्यात असतात ती नावे आणि पत्ते. ‘प्रतीक’ म्हणजे एका गोष्टीसाठी उभी केलेली दुसरी गोष्ट, आणि ‘चिन्ह’ म्हटले की अधिक-उणे आठवते. दोन्ही इथे बसत नाहीत. ‘सिम्बॉल’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘म्हणजे फंक्शनांच्या नाव-पत्त्यांची फाइल’ असे अर्ध्या ओळीत सांगून पुढे जावे. ‘धारिका’ आणि ‘चकती’ यांच्याबद्दल न बोललेलेच बरे. ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे ते दिवसभर फाइल आणि डिस्कच म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. विंडोजच्या डीबगरला सिम्बॉल कुठे शोधायचे हे एका ओळीत सांगतात. आधी ‘एसआरव्ही’, मग तारका, मग आपल्या डिस्कवरचे फोल्डर, पुन्हा तारका आणि शेवटी मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल सर्व्हरचा पत्ता. डीबगर डावीकडून शोधत जातो. डिस्कवरच्या फोल्डरात फाइल सापडली तर काम तिथेच संपते. नाही सापडली तर सर्व्हरकडून आणतो आणि तिची प्रत त्या फोल्डरात टाकतो. मधे कचेरीच्या नेटवर्कवरचा एखादा सामायिक साठा घातला असेल तर वाटेत त्यातही एक प्रत पडते. इंग्रजी दस्तऐवजांत या फोल्डराला ‘डाउनस्ट्रीम स्टोअर’ म्हणतात. त्याचे ‘अधोप्रवाह भांडार’ करू नका. मराठीत अलीकडचा-पलीकडचा ही जोडी आयती आहे: अलीकडचा साठा, पलीकडचा सर्व्हर.

यातल्या ‘आणतो आणि टाकतो’साठी आपल्याकडे नाम नाही म्हणून आपण अडून बसतो. पण क्रियापद तर आहे! ‘ठेवणे’ हे सहायक म्हणून आले की ‘पुढे लागेल म्हणून आत्ताच’ ही छटा ते आपसूक आणते. सांगून ठेवले, लिहून ठेवले, बघून ठेवले. ‘डीबगर फाइल आणतो’ आणि ‘डीबगर फाइल आणून ठेवतो’ यांत जो फरक आहे, तोच कॅशिंग. ‘संचयित करतो’मध्ये ही छटा नाही. संचय पुण्याचा होतो, पाण्याचा होतो, त्यात साचत जाण्याचा भाव आहे. पुन्हा उपयोगी पडण्याचा हेतू त्यातून दिसत नाही.

क्रियापदाच्या बाजूने गेल्याचा आणखी एक फायदा होतो. लिनक्सवर डीबगइन्फोडी नावाची सोय आहे. तिचा क्लायंट, म्हणजे आपल्या यंत्रावरचा भाग, डीबग-इन्फो सर्व्हरवरून उतरवून वापरकर्त्याच्या कॅश फोल्डरात ठेवतो. जीडीबी या डीबगरमध्ये ‘इंडेक्स कॅश’ नावाची आणखी एक सोय आहे, पण तीत बाहेरून काहीच येत नाही. मोठ्या प्रोग्रॅमची डीबग-इन्फो वाचून नावांची सूची तयार करायला वेळ लागतो, म्हणून जीडीबी एकदा केलेली सूची डिस्कवर लिहितो आणि पुढच्या वेळी तीच उचलतो. इंग्रजीत दोन्ही कॅशच. मराठीत पहिले ‘आणून ठेवणे’ आणि दुसरे ‘करून ठेवणे’. वाचणाऱ्याला नेटवर्क लागेल की नाही, हे क्रियापदावरूनच कळते. अशी संधी सोडून दोन्हीकडे ‘संचयित’ लिहिणे म्हणजे हातचे घालवणे.

विचारलेल्या नामांचे एकेक करून सांगतो. ‘बेगमी’ हा शब्द मला फार आवडतो, पण बेगमी गरज पडण्याआधी करायची असते आणि कॅश पहिली गरज पडल्यावर भरते. नेट नसलेल्या यंत्रावर काम करायचे म्हणून लागतील ते सिम्बॉल आधीच उतरवून नेले, तर ती मात्र अस्सल बेगमी. तिथे जरूर वापरा. ‘ठेव’ मालकाला परत द्यायची असते, तेव्हा ती बाद. ‘ठेवणीतला’ जवळ येतो, पण ठेवणीतला आवाज रोज कोणी काढत नाही आणि इथे तर तीच फाइल दिवसात कितीदा उघडते. उरला ‘साठा’. फोल्डराबद्दल बोलताना तो चालतो, आणि अगदी अचूक तांत्रिक नाम हवे असेल तिथे सरळ ‘कॅश’ लिहावे.

‘कॅश’ लिहिले की पैशाची कॅश आठवते, ही तक्रार नेहमीची. ‘कॅश साफ केली’ हे वाक्य हिशेबनीसासमोर न म्हटलेले बरे, हे मान्य. शब्द दोन आणि मुळेही दोन. संगणकाची कॅश फ्रेंचमधल्या ‘लपवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आली आणि पैशाची ‘पेटी’ या अर्थाच्या शब्दावरून. संगणकाच्या जगात पहिलीचा चंचुप्रवेश 1968 च्या सुमाराला आयबीएमच्या सिस्टीम/360 मॉडेल 85 च्या वर्णनांतून झाला. वेगळेपणासाठी काही जण ‘कॅशे’ लिहितात. इंग्रजीत उच्चार ‘कॅश’च आहे, शिवाय मराठीत ‘कॅशे’ वाचताना ‘डबे’सारखे अनेकवचन वाटते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घोटाळ्याची भीती असेल तर तेवढ्यापुरते चालवून घ्यावे. डीबगरच्या पुस्तिकेत रोकड येणार कुठून?

आता ‘पुनर्वापर’. हा शब्द मला या वाक्यात सर्वात चुकीचा वाटतो. वापरून झालेली वस्तू दुसऱ्या कामाला लावणे असा त्याचा अर्थ आता रूढ झाला आहे. सिम्बॉल फाइल वापरून झिजत नाही की तिचे काम बदलत नाही. ‘पुढच्या वेळी तीच वापरतो’ एवढे पुरे. पण ‘तीच’ हे डीबगरला कसे कळते? फाइलीच्या नावावरून नव्हे. विंडोजच्या एका मूळ भागाच्या एनटीडीएलएल डॉट पीडीबी या नावाच्या असंख्य फाइली आहेत, विंडोजच्या कितीतरी अपडेटांबरोबर एकेक नवी. म्हणून साठ्यात आधी त्या नावाचे फोल्डर असते (हो, फोल्डरच्याच नावाला डॉट पीडीबी लागलेले, नवखा इथे हमखास चकतो), त्याच्या आत लांबलचक नावाचे दुसरे फोल्डर आणि त्यात खरी फाइल. ते लांबलचक नाव म्हणजे षोडशमान पद्धतीतले 32 अंक आणि त्यांना चिकटून आणखी एक छोटी संख्या. हीच ओळख मूळ प्रोग्रॅमच्या फाइलीतही कोरलेली असते. छोट्या संख्येला तिथे ‘एज’ म्हणतात. तिचे ‘वय’ करू नका, तिचा दिवस-वर्षांशी काही संबंध नाही. लिनक्सवर हे काम बिल्ड-आयडी करतो. तो बहुधा 40 अंकी असतो.

तेव्हा इथे ‘तुलना करतो’ किंवा ‘सत्यापित करतो’ नको. ‘ओळख पटली तरच फाइल घेतो’ लिहा. सिम्बॉल जुळत नाहीत अशी तक्रार डीबगर करतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते: नाव तेच, पण ओळख पटली नाही.

यातूनच आणखी एका शब्दाचा निकाल लागतो. वेबच्या कॅशमध्ये ‘शिळे’ हा शब्द बरोबर आहे, कारण तिथे पत्ता तोच राहून मजकूर बदलतो. सिम्बॉल साठ्यात नवी आवृत्ती आली की तिचे फोल्डरच वेगळे होते आणि जुनी फाइल जुन्या प्रोग्रॅमसाठी जशीच्या तशी खरी राहते. जुना क्रॅश डंप (प्रोग्रॅम कोसळला तेव्हाच्या मेमरीची जपलेली प्रत) उघडलात तर तीच लागणार. म्हणून इथे ‘शिळी’ किंवा ‘कालबाह्य’ लिहू नये, ‘पडून राहिलेली’ लिहावे. डीबगइन्फोडीचा क्लायंटही हेच मोजतो: एरवी आठवडाभर कोणी हात न लावलेली फाइल तो साफसफाईत काढून टाकतो. फाइल केव्हा आणली होती याला महत्त्व नाही, शेवटची केव्हा वापरली ते पाहतो. गंमत म्हणजे तो नकारही लक्षात ठेवतो. सर्व्हरने ‘नाही’ म्हटले की साधारण 10 मिनिटे पुन्हा विचारायला जात नाही. हे मराठीत ‘नकारात्मक कॅशिंग’ झालेले पाहिले आहे. ‘नाही म्हटल्याची नोंद ठेवतो’ असे लिहिले तर टीप द्यावी लागणार नाही.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘सिम्बॉल फाइल पहिल्यांदा लागली की डीबगर ती सर्व्हरवरून आणून डिस्कवर ठेवतो. पुढच्या वेळी ओळख पटली तर तीच वापरतो.’ एका वाक्याची दोन झाली, होऊ द्यात. आणि पुस्तिकेत पुढे ‘कॅश निर्मूलन’ असे बटणाचे नाव दिसते आहे, तिथे ‘साठा रिकामा करा’ घाला.