महाराष्ट्रात २ बीएचके फ्लॅटचं सरासरी भाडं किती, आणि दरवर्षी किती वाढ धरावी?

नागपूरहून पुण्याला बदली होतेय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी सरळ सांगते: राज्याची सरासरी काढूच नका. मुंबई धरली की आकडा वर जातो, गोंदिया-वाशीम धरलं की खाली येतो, आणि जो मधला आकडा निघतो त्या भाड्यात कुठेच घर मिळत नाही. केंद्र सरकारसुद्धा घरभाडे भत्ता देताना राज्य एक धरत नाही. मुंबई-पुणे एक्स वर्गात, नागपूर-नाशिक-कोल्हापूर-सोलापूर वायमध्ये, बाकी बहुतेक गावं झेडमध्ये. भत्ता मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. नागपुरात १५ हजारांत मिळतो तसा फ्लॅट कोथरूड-कर्वेनगरकडे साधारण २५ ते ३० हजारांत मिळेल. वाकड-हिंजवडीकडे घर नवं आणि सोसायटी मोठी असली की त्याहूनही जास्त.

आता वाढीचं. हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण आमच्या घरी या एका विषयावरून दर भाऊबिजेला वाद होतो.

बाबांनी कर्वेनगरला एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले होते, एक दादाला, एक मला. दोन्ही भाड्याने दिलेले, भाडं सारखंच, २० हजार. कोरोनात पुण्यातले विद्यार्थी आणि आयटीवाले गावी गेले, भाडी उतरली. तेव्हा माझ्या भाडेकरूंनी काही महिने भाडं कमी करून मागितलं आणि मी ते कमी केलं. दादा म्हणाला, "तू काय धर्मशाळा उघडलीस?" मग २०२२ साली कंपन्यांनी लोकांना परत ऑफिसात बोलवलं, कॉलेजं भरली आणि भाडी एकदम वर गेली. एजंट दादाला म्हणाला, "२५ सहज येतील." दादाचा भाडेकरू वेळेवर भाडं देणारा, मुलगी जवळच्याच शाळेत जाणारी. तो म्हणाला, "काका, २२ पर्यंत देतो, त्यापुढे नाही जमणार." दादाने ऐकलं नाही. मी माझ्या भाडेकरूंना २२ सांगितले, त्यांनी त्याच संध्याकाळी होकार दिला.

दादाचा भाडेकरू जुलैअखेर गेला. पुण्यात घरांची मागणी मे-जूनमध्ये असते, शाळा-कॉलेजं सुरू होण्याआधी. ऑगस्टमध्ये बघायला येणारे कमी झाले, मग गणपती आले, आणि गणपती गेले की पितृपक्ष. पितृपक्षात कोण नव्या घरात सामान टाकतं? फ्लॅट दसऱ्याला लागला. २५ नाही, २४ ला, तोही नव्याने रंग काढून. एजंटाने एक महिन्याचं भाडं घेतलं ते वेगळंच.

आता हिशोब बघा. २२ ऐवजी २४ म्हणजे वर्षाला २४ हजार जास्त. ते सगळे एजंटाला गेले. दोन महिने घर रिकामं राहिलं त्याचे ४४ हजार बुडाले. शिवाय रंगाचा खर्च, आणि त्या दोन महिन्यांचा मेंटेनन्स खिशातून. हे मी दादाला कागदावर मांडून दाखवलंय. त्याचं म्हणणं आजही तेच: "बाजारभाव सोडायचा नसतो." बाजारभाव म्हणजे एजंट फोनवर सांगतो तो आकडा नाही. रिकामे महिने वजा करून वर्षाअखेर हातात पडतं ते खरं भाडं. वर्षानुवर्षं नीट राहणाऱ्या माणसाला दोन-तीन हजारांसाठी घालवणारा मालक व्यवहारी असतो, हे मला कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, ५ ते १० टक्के वाढ धरून चाला, पण ती तोंडी ठेवू नका. लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार) ११ महिन्यांचाच करायचा असा काही कायदा नाही. दोन-तीन वर्षांचा करा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. काही जण सांगतील की ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते, मुदत कितीही असो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, ती जबाबदारी मालकाची. मालकाने नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. खर्चही फार नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात) आणि शहरात नोंदणी फी १ हजार. २४ हजार भाडं आणि १ लाख डिपॉझिट असेल, तर वर्षाच्या कराराचं मुद्रांक शुल्क ७४५ रुपये होतं. त्यासाठी मालक कुरकुर करत असेल तर पुढचं घर बघा.

त्याच कायद्यातली वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद तुम्हाला कुणी ऐकवेल. ती भाडेकरू म्हणून कायद्याचं संरक्षण असलेल्यांसाठी आहे, जुन्या पागडीच्या घरांसारखी (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात वर्षानुवर्षं राहायची पद्धत). लिव्ह अँड लायसन्सला ती लागू नाही, तिथे करारात लिहिलं तेवढंच.

हे सगळं मी पुण्यावरून सांगतेय. मुंबईचं गणित निराळं आहे. तिथे पुनर्विकासात इमारत पाडली की सगळी बिऱ्हाडं मुलांच्या शाळेसाठी त्याच भागात घरं शोधतात आणि आजूबाजूची भाडी चढतात. हेवी डिपॉझिटचा प्रकारही (मोठं डिपॉझिट द्यायचं आणि भाडं अगदी कमी किंवा नाहीच) तिकडे जास्त. लातूरमध्ये शिकवण्यांच्या भागात, किंवा इथे सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये, फ्लॅटचं नाही तर कॉटचं, म्हणजे माणशी एका पलंगाचं, भाडं चालतं. तो दर बघून घाबरू नका.

बदली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेता आली तर घ्या, तेव्हा घासाघीस करायला वाव असतो. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का ते आधी विचारा. आणि आधीचे लोक का गेले, हे मालकाला नाही, वॉचमनला विचारा. भाडं एकदम वाढवलं म्हणून गेले असं कळलं, तर टोकन देऊ नका.