चीनमध्ये पाहुण्याला एवढ्याशा कपात चहा देतात, तो कंजूषपणा आहे की पद्धत? आपल्या माणसाला तो चहा रुचतो का?

प्रश्नातलं "एवढ्याशा कपात" वाचलं आणि लिहायला बसलो. हेच शब्द माझ्या थोरल्या भावाने सांगलीला आमच्या घरी, चार पाहुण्यांदेखत वापरले होते.

खेळण्यांच्या आयातीच्या कामासाठी मी दोन वर्षं ग्वांगदोंग प्रांतात शानतौला होतो. तिथल्या चेंगहाई भागात खेळण्यांचे कारखानेच कारखाने. कुठल्याही कारखान्यात जा, दुकानात जा, चहाचा ट्रे मांडलेलाच. सांडलेलं पाणी खाली साठेल असा जाळीचा ट्रे, झाकणाची वाटी, विजेची किटली आणि तीन कप. माणसं कितीही असोत, कप तीनच.

पहिल्याच आठवड्यात एका कारखान्यात आम्ही पाचजण बसलो होतो. मालकाने वाटीत फेंगहुआंग डोंगरावरच्या ऊलाँगची, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चहाची, सुकी पानं जवळजवळ काठापर्यंत भरली. पहिलं उकळतं पाणी कप विसळून फेकून दिलं. दुसरं जेमतेम दहा सेकंद ठेवलं. मग तिन्ही कप एकमेकांना चिकटवून वाटी त्यांच्यावरून गोल गोल फिरवत ओतलं. एक भरला की दुसरा, असं नाही. याला ते 'ग्वान गोंगची गस्त' म्हणतात. शेवटचे थेंब सगळ्यांत कडक, तेही मोजून एकेक तिन्ही कपांत. ते 'हान शिनचं सैन्य मोजणं'. दोघेही त्यांचे जुने सेनापती. एकाला पाणचट आणि दुसऱ्याला कडक असं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांनी आपला कप माझ्याकडे सरकवला. ज्यांना मिळाला नाही ते शांत बसले. कप उकळत्या पाण्यात बोटांनी फिरवून धुतले आणि पुढची फेरी त्यांना. तासाभरात चौदा फेऱ्या झाल्या, मी मोजल्या. त्या माणसाची बोटं लाल झाली होती, पण किटली त्याने दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. पाहुणे दर वेळी दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचे, ते त्यांचं आभार मानणं.

तसाच संच मी घरी आणला. दादाने एक घोट घेतला. "पाल्याचं पाणी. आणि एवढ्याशा कपात? कंजूष लोक दिसतायत." वहिनींनी कप उचलले, दूध गॅसवर ठेवलं. मी काही बोललो नाही.

आता बोलतो. मोठा कप भरून समोर आदळला की यजमान मोकळा होतो. तिथला यजमान तासभर मोकळा होत नाही. यात कंजूषपणा कुठे आला? आपला 'चहा' हा शब्दसुद्धा त्यांच्या 'छा'वरूनच आला आहे. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या चहापरंपरेला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात शानतौशेजारच्या चाओचौचा हा गोंगफू चहाही आहे, म्हणजे वर सांगितलेली हीच पद्धत.

रुचण्याचं म्हणाल तर पहिला महिना मला नाही रुचला. नंतर असा रुचला की दुधाचा चहा जड वाटायला लागला. आपली चहापूड दूध-साखर पेलेल अशीच केलेली असते. ऊलाँगमध्ये दूध घालणं म्हणजे तो वाया घालवणं. आणि पिशवीतला ग्रीन टी पिऊन चिनी चहाबद्दल मत देऊ नका. रिकाम्या पोटी मात्र घेऊ नका, गरगरतं.

हे सगळं चाओचौ-शानतौकडचं. हांगचौला लोक उंच काचेच्या ग्लासात पानं टाकून त्यावरच पुन्हा पुन्हा पाणी ओततात. रेल्वेच्या डब्यांत गरम पाण्याचा नळ असतो, लोक घरून बाटलीत पानं घेऊन निघतात. मंगोल आणि तिबेटी भागांत चहात दूध किंवा लोणी आणि मीठही पडतं, आणि तरुण मुलं बबल टीच्या, म्हणजे साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेल्या दुधाच्या गार चहाच्या, रांगेत दिसतात. म्हणजे दुधाचं वावडं सगळ्या चीनला नाही, एवढं दादाचं मान्य.

कप सांगलीला अजून कपाटात आहेत. दिवाळीला गेलो की त्याला समोर बसवून चौदाच्या चौदा फेऱ्या माझ्या हाताने ओतणार आहे. मग म्हणू दे काय म्हणायचं ते.