दुबईला बिऱ्हाड हलवायचंय, हाताशी चार लाख

तुझं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीतली नोकरी सोडून दुबईत मेंटेनन्स सुपरवायझरची जागा मिळतेय, पगार साडेसात हजार दिरहम. मुलगी तिसरीत, मुलगा तीन वर्षांचा, बँकेत चार लाख. सासूबाई म्हणतात, जायचं तर सगळे एकदमच जा. आणि तू विचारतेस, कमी पडले तर दागिने सोनेतारणात ठेवू का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मिस्टरांनी पुढे यावं, तू आणि मुलं मार्चअखेरीस. दागिने लॉकरमध्ये आहेत तिथेच राहू देत.

पहिलं म्हणजे दिरहमचे रुपये करायला पगाराला २४ ने गुणणं थांबव. साडेसात हजार म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर, हे ऐकायला छान वाटतं, पण इथे खर्चही दिरहममध्येच होतो. आयकर नाही हे खरं, पण घरभाडं त्याची भरपाई करून घेतं. दुबईत आपल्यासारखं महिन्याच्या महिन्याला भाडं देत नाहीत. करार वर्षाचा असतो आणि वर्षभराचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. कुणी एक मागतो, कुणी दोन, बहुतेक जण चारवर तयार होतात. बारा चेक घेणारे मालक आहेत, पण शोधावे लागतात आणि भाडं थोडं चढं असतं.

आता हिशोब बघ. तुमच्या पगारात एक बेडरूमचा विचारही नको, स्टुडिओच बघायचा. म्हणजे एकच खोली, कोपऱ्यात किचन, बाथरूम. समजा वर्षाला ४५,००० दिरहमला मिळाला. चार चेक धरले तर पहिला ११,२५० चा. डिपॉझिट ५ टक्के, २,२५०. एजंटचं कमिशन ५ टक्के, आणखी २,२५०. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी देवाचं डिपॉझिट २,०००. देवा म्हणजे इथलं वीज-पाणी मंडळ, दचकू नकोस. वर इजारी, म्हणजे भाडेकराराची नोंदणी, तिचे दोनेकशे. झाले अठरा हजार, आणि घरात अजून गादी नाही. तुम्हा तिघांच्या व्हिसाला, मेडिकलला, एमिरेट्स आयडीला (इथलं ओळखपत्र) मिळून माणशी तीनेक हजार धर. जुना फ्रिज, गॅस शेगडी, पलंग यांना तीन हजार. एकूण ३०,००० दिरहम, म्हणजे सव्वासात लाख रुपये. तुमच्याकडे चार आहेत, आणि पहिला पगार हातात यायला महिना-सव्वा महिना जातो.

म्हणजे महिन्याची ओढाताण एक वेळ निभावता येते, हा सुरुवातीचा एकरकमी घास निभावत नाही. लोक इथेच अडकतात. सोनं गहाण टाकून येतात, त्याचं व्याज तिकडे चालू आणि इकडे तीन महिन्यांनी दुसरा चेक उभा. शिल्लक नाही म्हणून चेक परत गेला तर २०२२ पासून पूर्वीसारखा थेट फौजदारी गुन्हा होत नाही, पण घरमालक सरळ वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो आणि देश सोडायला बंदी लागू शकते.

आणि क्रमही असा आहे की घर आधी, कुटुंबाचा व्हिसा नंतर. कुटुंबाला बोलवायला पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढं पुरतं. तिथे तुमची अडचण नाही. पण अर्जाला नोंदवलेला भाडेकरार जोडावा लागतो. म्हणून सगळे एकदम आलात तर तुम्ही मधल्या काळात व्हिजिट व्हिसावर, कुणाच्या तरी घरात चौघं, आणि मिस्टर नव्या नोकरीत प्रोबेशनवर. प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. त्या काळात नोकरी गेली तर एकट्या माणसाला बॅग उचलता येते, संसाराला येत नाही.

मिस्टर एकटे राहिले तर काय होईल तेही मांडते. बेडस्पेस, म्हणजे खोलीतला एक पलंग, करामा, देरा किंवा कुसैसला हजाराच्या आसपास. मेसचे सहाशे. मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५०. फोन आणि किरकोळ मिळून साडेपाचशे. अडीच हजारात माणूस राहतो. तुला घरखर्चाला दोन हजार पाठवले तरी तीन हजार उरतात. जून-जुलैत रुजू झाले तर मार्चपर्यंत पंचवीस-सत्तावीस हजार दिरहम बाजूला पडतील, तेही तुमच्या चार लाखांना हात न लावता. मग घर घ्यायला पैसे आहेत आणि पाठीशी काहीतरी उरतंय, अशा स्थितीत तुम्ही विमानात बसाल.

बेडस्पेस घेताना एक बघायला सांग. फ्लॅटमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून खोलीच्या चार खोल्या केलेल्या असतील तर तिथे जाऊच नये, कितीही स्वस्त असू दे. २०२५ मध्ये रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बरशा, रफा या भागांत पालिकेने अशा बेकायदा पार्टिशनवर मोहीम काढली आणि भाडेकरूंना ऐनवेळी सामान घेऊन निघावं लागलं. कंपनी स्वतःची राहायची जागा देत असेल तर पहिले महिने निमूटपणे तीच घ्यावी.

मार्च का, तर शाळा. इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. मध्येच आलात तर बऱ्या शाळेत जागा नसते, मग जिथे जागा तिथे, आणि ती बहुतेक महागडी निघते. शाळांवर केएचडीए नावाच्या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिच्या संकेतस्थळावर शाळेची मंजूर फी आणि तपासणीचा शेरा दोन्ही दिसतात, ते आत्ताच बघून ठेव. फीमध्ये बस धरलेली नसते, ती वेगळी. म्हणून घर आधी आणि शाळा नंतर असं न करता दोन्ही एकाच भागात शोधा. कुसैस, मुहैसना, नहदा या पट्ट्यात भारतीय शाळा बऱ्याच आहेत. मुलगी मराठी माध्यमात असेल तर इंग्रजीची तयारी आजपासून घे. अरबी इथे सगळ्यांनाच नववीपर्यंत शिकावी लागते. तिचं तू टेन्शन घेऊ नकोस, मुलं आपल्याआधी शिकतात. धाकट्याला पहिल्या वर्षी शाळेत घालायची घाई करू नकोस, एक फी वाचते.

दुबईशेजारच्या शारजाचं तुला कुणीतरी सुचवेलच. भाडी खरंच कमी आहेत. पण ते पैसे कुठून वाचतात ते बघ. आमच्या ओळखीचं खेडचं एक कुटुंब शारजात राहतं आणि त्यातल्या नवऱ्याची कंपनी जबल अलीला, दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला. तो पहाटे पाचला निघतो, कारण सहानंतर इत्तिहाद रोड नुसता उभा असतो. कंपनीच्या दारात लवकर पोचतो आणि गाडीतच सीट मागे टाकून झोप काढतो. बायको त्याला दोन डबे देते, एक नाश्त्याचा. संध्याकाळी घरी यायला आठ. धाकटी पोर शुक्रवार रात्र सोडली तर त्याला जागी दिसत नाही. मिस्टरांची साइट देरा-कुसैसच्या बाजूला असेल तर शारजा जमेल, जबल अली असेल तर नाही. आधी साइट कुठे ते विचारा, मग नकाशा उघडा.

घर बघताना जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलंय का ते बघायचं. म्हणजे एसीच्या गारव्याचं बिल मालकाकडे. नसेल तर मे ते सप्टेंबर हे बिल भाड्यासारखंच अंगावर येतं, कारण त्या दिवसांत एसी बंद करणं हा पर्यायच नसतो. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के पालिकेची हाउसिंग फी बारा भागांत विजेच्या बिलातून वसूल होते. हे एजंट सांगत नाही. फर्निचर नवं अजिबात नको. जूनमध्ये शाळा संपत आल्या की देश सोडणारी कुटुंबं घरातलं सगळं विकायला काढतात. मिस्टरांनी तेव्हाच एखादा पलंग हेरून ठेवावा असं म्हणणार होते, पण ठेवणार कुठे, बेडस्पेसमध्ये!

आता ऑफर लेटर. एकूण साडेसात हजार एवढंच बघू नका. बेसिक, म्हणजे मूळ पगार किती, घरभत्ता किती, ते वेगळं लिहिलेलं असतं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची. काही कंपन्या बेसिक मुद्दाम बारीक ठेवतात. दुसरं म्हणजे घरभत्ता आगाऊ मिळेल का ते सही करण्याआधी विचारा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा घरभत्ता एकदम देतात आणि पगारातून कापतात. तुमच्यासारख्यांना त्याचा जेवढा उपयोग, तेवढा तीनशे-चारशेच्या वाढीचा नाही. तिसरं, आरोग्यविमा. दुबईत तो सक्तीचा आहे. मिस्टरांचा कंपनी काढते, तुमचा तिघांचा काढायची जबाबदारी मिस्टरांवर, कंपनीने कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. चौथं, व्हिसाचा खर्च म्हणून एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. भरतीचा आणि वर्क परमिटचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. 'आधी व्हिजिटवर या, मग बघू' म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

मिस्टर गेल्यावर तुझ्या वाट्याला कागदपत्रं. लग्नाची नोंदणी झालीय का? आपल्याकडे हॉल, अल्बम, आहेराची वही सगळं असतं आणि नोंदणीचा दाखला नसतो. तो काढ, दोन्ही मुलांचे जन्मदाखले काढ आणि सगळ्यांवरची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघ. तुझं माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव, इथेच घोळ होतो. मग मुंबईत मंत्रालय, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर यूएईचा दूतावास असे शिक्के, आणि शेवटचा इथे दुबईत. नुसतं अपोस्टील, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, करून चालत नाही. एजंट दोन-तीन आठवडे सांगतात, तू दोन महिने धर. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने लागतो, तोही मार्चच्या गर्दीत.

तुझी बी.कॉम.ची पदवीसुद्धा याच फेऱ्यात शिक्के मारून घे, कारण खरा हिशोब तुझ्याशी येऊन थांबतो. स्टुडिओचं भाडं महिन्याला पावणेचार हजार पडतं. शाळा-बस, किराणा, वीज, इंटरनेट, पास, सगळं धरलं की साडेसातातले साडेसात संपतात. एकट्याच्या पगारात तुम्ही इथे राहाल, पण शिल्लक शून्य. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला इथे नोकरी करता येते, वर्क परमिट नोकरी देणारा काढतो. पतसंस्थेत तू टॅलीवर काम केलंयस. इथे २०१८ पासून व्हॅट आहे आणि जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर कर आला, त्यामुळे छोट्या दुकानदारालाही आता वह्या नीट ठेवाव्या लागतात. या आठ-नऊ महिन्यांत इथल्या व्हॅटचं काम शिकून घेतलंस तर सुरुवातीला तीन-साडेतीन हजारांची नोकरी मिळायला हरकत नाही. मी हिशोबाच्याच खात्यात आहे, कशा माणसाला आधी बोलावतात ते बघते. धाकट्याला सांभाळायचं कोण हा प्रश्न उरतो, आणि त्याला माझ्याकडे स्वस्त उत्तर नाही. सासूबाई काही महिने येऊन राहिल्या तर बघ, त्यांचंही एकत्र राहणं होईल.

एक राहिलं. मिस्टरांच्या खात्यात पहिले दोन पगार पडले की बँकांचे फोन सुरू होतील. पगाराच्या वीसपटीपर्यंत कर्ज देण्याची इथे बँकांना मुभा आहे. दीड लाख दिरहम समोर दिसले की चिपळूणच्या घराची गच्ची आठवते. ते फोन उचलूच नयेत.

व्हॉट्सअॅपवर कॉल इथून लागत नाही, मेसेज जातात. बोटिम नावाचं अॅप लागतं, ते तुझ्या आणि सासूबाईंच्या फोनवर आत्ताच टाकून ठेव, नाहीतर पहिल्या आठवड्यात घरी सगळे काळजी करत बसतील. मिस्टरांच्या बॅगेत तू लाडू देशीलच, फक्त खसखस घातलेलं काही देऊ नकोस, अनारसे तर नाहीच. खसखस इथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. मसाल्याची पुडीही बिनखसखशीची. बाकी पोहे, मेतकूट, कोकम, सगळं इथे मिळतं. कुणाची खोकल्याची किंवा दुखण्याची औषधं असतील तर आणण्याआधी मला नाव विचार, काहींना आधी परवानगी लागते.

ऑफर लेटरचा फोटो पाठव. बेसिकचा आकडा आणि साइटचा पत्ता दिसेल असा काढ.