पोरगा राखावा की सौदा करावा? : वाचकांचे प्रश्न, बेसबॉल

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तरुण खेळाडूंचे करार कसे होतात, यावर गेल्या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत. तिकडे ज्याला १० मिलियन म्हणतात ते आपले १ कोटी.

उदगीरहून एक वाचक : आमच्याकडे हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी गोऱ्ह्याचा भाव दात बघून ठरतो. आदत, दोन दाती, चार दाती, मग जुळलेला. बेसबॉलच्या पोराचा दात कसा बघतात? आणि चार वर्षं उत्तम खेळूनही त्याला संघ का बदलता येत नाही?

तुमची उपमा नेमकी बसते, कारण तिथंही वयापेक्षा 'किती दिवस झाले' हे आधी बघतात. मोठ्या संघाच्या, म्हणजे खालच्या मायनर लीगच्या नव्हे तर मेजर लीगच्या, यादीत काढलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. दुखापतीच्या यादीतला दिवसही त्यात धरतात. हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष जमा. अशी सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. संघ त्याला विकू शकतो, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात त्यांचे खेळाडू घेऊ शकतो, पण तो स्वतःहून जाऊ शकत नाही.

पहिली तीन वर्षं पगार जवळजवळ संघच ठरवतो. किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता, २०२६ मध्ये तो ७ लाख ८० हजार आहे. पुढची तीन वर्षं लवादाची. खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा, आणि तिघांच्या लवादाला त्या दोनपैकी एकच उचलावा लागतो. मधला आकडा काढायची मुभा नाही, म्हणून बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. दोन ते तीन वर्षं सेवा झालेल्यांपैकी वरच्या २२ टक्क्यांना लवाद एक वर्ष आधीच मिळतो. त्यांना 'सुपर टू' म्हणतात.

या दिवसमोजणीत चलाखी चालते. २०१५ मध्ये शिकागो कब्जनं क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसानं वर्ष हुकलं आणि संघाला तो आणखी एक हंगाम मिळाला. खेळाडू संघटनेनं तक्रार केली, २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूनं लागला. २०२२ च्या सामूहिक करारात त्यावर थोडा लगाम आला. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गनं पॉल स्कीन्सला मे २०२४ मध्ये वर आणलं, तो नवोदित पुरस्कार जिंकला आणि ते वर्ष त्याच्या खात्यात पूर्ण जमा झालं.

अंबाजोगाईहून एक क्रीडाशिक्षक : पोरगा हाताशी असतानाच दहा वर्षांसाठी बांधून घेतलेला बरा, असं मुलांना सांगतो. ते बरोबर आहे का? आणि संघ हिशेब मांडतो तरी कसा?

अर्धं बरोबर आहे. लवकर बांधणं स्वस्त पडतं, पण चुकलं तर सुटका नाही.

हिशेबाचं माप 'वॉर'. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत हा माणूस हंगामात किती विजय जास्त मिळवून देतो, तो आकडा. समजा चोवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे, ताब्याची तीन वर्षं उरली आहेत आणि दरवर्षी तो ४ विजयांचा आहे. बाजारात एका विजयाचा भाव ८० लाख डॉलर धरा. १२ विजयांची किंमत ९ कोटी ६० लाख. लवादात तीन वर्षांचा पगार मिळून ४ कोटी जाईल असं धरलं, तर संघाच्या पदरात ५ कोटी ६० लाखांचा फायदा पडतो. कोणी सौद्यात याहून कमी मोलाची पोरं देत असेल तर विषय तिथंच संपवावा.

आता हाच करार आणखी तीन वर्षं, सत्तावीस ते एकोणतीस वयापर्यंत, वर्षाला २ कोटी २० लाखांनी वाढवला. खर्च ६ कोटी ६० लाख. विजय धरा ४, ४ आणि साडेतीन, म्हणजे ९ कोटी २० लाखांचे. फायदा राहिला २ कोटी ६० लाख. बॅटरचा बहर साधारण २६ ते २९ या वयात असतो, म्हणून ही वर्षं विकत घेणं शहाणपणाचं. तिशीनंतर मात्र दरवर्षी अर्धा विजय कमी धरून बघा. चौतिशी-पस्तिशीची वर्षं फायद्याच्या खात्यातून निघून तोट्याच्या खात्यात जातात. दहा-बारा वर्षांच्या करारात संघ ती वर्षं घेतो ती हौसेनं नव्हे, सुरुवातीच्या वर्षांची किंमत म्हणून.

या गणितात तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला असा की विजय किलोवर विकले जात नाहीत. संघात २६ जागा आणि मैदानात नऊच माणसं, त्यामुळे ८ विजयांचा एक खेळाडू चार-चारच्या दोघांपेक्षा महाग असतो. एक जागा मोकळी राहते, तिथं आणखी कोणी घालता येतो. दुसरा घोळ विलासकराचा. संघाचा एकूण पगारखर्च मर्यादेपलीकडे गेला की हा कर भरावा लागतो. २०२६ मध्ये ही मर्यादा २४ कोटी ४० लाख डॉलर आहे आणि कर मोजताना कराराची सरासरी रक्कम धरतात. काल ७ लाख ८० हजारांत खेळणारा पोरगा लांब करार केल्याबरोबर कराच्या वहीत सरासरीच्या भावानं बसतो, हातात पडणारा पगार पहिल्या वर्षी कितीही कमी असो. तिसरा घोळ सगळ्यात जुना आहे : एका हंगामाला भुलणं.

अटलांटानं एप्रिल २०१९ मध्ये एकवीस वर्षांच्या रोनाल्ड अकुन्याला आठ वर्षांसाठी १० कोटींत बांधलं. पुढच्या दोन वर्षांचा पर्याय संघाच्या हाती, प्रत्येकी १ कोटी ७० लाखांत. २०२३ मध्ये त्यानं ४१ होमरन आणि ७३ चोरलेले बेस अशी कमाल करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला, तेव्हा पगार होता १ कोटी ७० लाख. ऑझी अल्बीज तर सात वर्षांसाठी साडेतीन कोटींत मिळाला. खेळाडूच्या बाजूनं बघितलं तर हा करार आमच्या मते लाजिरवाणा स्वस्त होता. पण अकुन्याचे दोन्ही गुडघे, २०२१ मध्ये एक आणि २०२४ मध्ये दुसरा, लिगामेंट फाटून निकामी झाले होते हेही लक्षात घ्या. खेळाडू स्वस्तात सही करतो ती याच भीतीपोटी.

उलट बाजूला फिलाडेल्फियाचा स्कॉट किंगरी. मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू खेळायच्या आधी, मार्च २०१८ मध्ये, सहा वर्षांचा २ कोटी ४० लाखांचा करार. बॅट चाललीच नाही आणि शेवटची वर्षं जवळजवळ सगळी मायनर लीगमध्ये गेली. रक्कम लहान होती म्हणून संघ बुडाला नाही. तेव्हा मुलांना असं सांगा : मोठ्या लीगमध्ये निदान एक पूर्ण हंगाम बघावा, दुसऱ्या हंगामाच्या आसपास बांधावं, आणि शेवटची दोन वर्षं हमीत न घालता संघाच्या पर्यायात ठेवावीत.

परभणीहून एक वाचक : हुआन सोटोसारखा खेळाडू तीन संघांनी सोडला. हा मूर्खपणा नाही का?

तिघांना एका पंक्तीत बसवू नका. माल एकच, पण प्रत्येकाच्या घड्याळात वेळ वेगळी होती.

वॉशिंग्टननं २०२२ मध्ये त्याला पंधरा वर्षांसाठी ४४ कोटी देऊ केले. त्यानं नाकारले. त्या वेळी तो तेवीसचा होता आणि ताब्याचे अडीच हंगाम शिल्लक होते. २ ऑगस्टला संघानं त्याला जॉश बेलसोबत सॅन डिएगोला दिलं आणि बदल्यात सी. जे. अब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, जार्लिन सुसाना ही पाच पोरं आणि ल्यूक व्हॉइट घेतला. या पोरांची निवड बघा. अब्रम्स आणि गोर मोठ्या लीगमध्ये पोचलेले, म्हणजे कापणीला आलेलं पीक. हॅसेल निसवण्याच्या बेतात. वुड एकोणीसचा, सुसाना अठराचा, नुकतीच पेरणी. सगळं एकाच पावसावर ठेवलं नाही. अब्रम्स २०२४ मध्ये, गोर आणि वुड २०२५ मध्ये ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले.

डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोकडे एकच वर्ष उरलं होतं आणि पगारखर्चही कमी करायचा होता. न्यूयॉर्क यांकीजकडून पिचर (चेंडू टाकणारा) मायकेल किंग, आणखी तीन तरुण पिचर आणि एक कॅचर आला, पण सोटोसोबत ट्रेंट ग्रिशमही द्यावा लागला. किंगनं पुढच्या हंगामात छान भरपाई केली. तरी वॉशिंग्टनच्या तोडीचा माल हा नव्हे.

यांकीज २०२४ मध्ये त्याच्यासह वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, पोचले, तिथं डॉजर्सकडून हरले, आणि सोटो मुक्त होऊन पंधरा वर्षांच्या साडेशहात्तर कोटींवर मेट्सकडे गेला. यांकीजच्या हाती उरला भरपाई म्हणून एक नवोदित निवडायचा हक्क, तोही विलासकर भरणारा संघ म्हणून नवोदितांच्या निवडीतल्या चौथ्या फेरीनंतरचा.

यातून आमचं मत असं : करार होत नाही हे कळलं की अडीच किंवा दोन वर्षं उरली असताना विकावं. जुलैअखेरच्या मुदतीला दीड वर्ष शिल्लक असलं तरी चालतं, कारण घेणाऱ्याला दोन हंगामांच्या अखेरचे बाद फेरीचे सामने मिळतात. एक वर्ष उरल्यावर मात्र अडत तुमच्यावर बसते. यांकीजसारखा संघ त्याच वर्षी जिंकायला निघाला असेल तर त्याची गोष्ट वेगळी. बोस्टननं मुकी बेट्सला फेब्रुवारी २०२० मध्ये एकच वर्ष उरल्यावर डॉजर्सला विकलं आणि वर डेव्हिड प्राइसचा अवजड पगार गळ्यात बांधला, निम्मा स्वतः सोसूनही. बोजा सोबत दिला की मालाचा भाव पडतो. मिळाले अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. बेट्सनं पाच महिन्यांत डॉजर्सशी बारा वर्षांचा साडेछत्तीस कोटींचा करार केला.

नांदेडहून एक वाचक : पिचरलाही हाच नियम लावायचा का?

नाही. बॅटर राखा, पिचर विका, असं ढोबळ म्हणता येईल. कोपराचं लिगामेंट कधी तुटेल याचा भरवसा नसतो. ते नव्यानं बसवायच्या 'टॉमी जॉन' शस्त्रक्रियेनंतर परतायला १२ ते १८ महिने लागतात, म्हणजे ताब्याच्या सहा वर्षांतलं एक वर्ष तसंच जातं आणि दिवस मात्र मोजले जातात. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरनं २०२३ मध्ये २८१ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर) करून बाद केले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि एप्रिल २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर कोपरावर शस्त्रक्रिया. त्याचा सहा वर्षांचा साडेसात कोटींचा करार आवाक्यातला होता म्हणून निभावलं.

पण विकतानाही डोळे उघडे ठेवा. टँपा बे संघानं २०१८ मध्ये क्रिस आर्चर देऊन टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ मिळवले, तो सौदा आजही दाखला म्हणून सांगतात. त्याच संघानं डिसेंबर २०२० मध्ये ब्लेक स्नेल विकला, तीन वर्षांचा ताबा शिल्लक असताना, आणि आलेल्या चौघांपैकी कोणी फारसं काही केलं नाही.

जालन्याहून एक वाचक : सौद्याला खेळाडू नकार देऊ शकतो का?

दोन वाटांनी. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच सलग त्याच संघात झाली की नकाराचा हक्क आपोआप मिळतो. तरुणाला तो करारात लिहून घ्यावा लागतो, बहुधा ठरावीक संघांची नावं घालून. सोटोच्या सौद्यात आधी व्हॉइट नव्हताच. सॅन डिएगोला एरिक हॉस्मर पाठवायचा होता, पण त्याच्या नकाराच्या यादीत वॉशिंग्टन होतं आणि तो नाही म्हणाला. ऐन मुदतीच्या दिवशी त्याच्या जागी व्हॉइट घालावा लागला, आणि हॉस्मर त्याच दिवशी बोस्टनला गेला.