कथेसाठी ऑक्टोपससारखी बुद्धिमान प्रजाती रचतोय, त्यांच्यात संस्कृती कशामुळे टिकेल?

पिल्लं बाहेर आल्यावर कुणीतरी मोठं जिवंत राहायला हवं, त्याशिवाय तुमच्या प्रजातीला कितीही बुद्धी दिली तरी संस्कृती टिकणार नाही. खऱ्या ऑक्टोपसकडे मेंदूची कमी नाहीये, साधारण 50 कोटी न्यूरॉन्स (चेतापेशी) असतात आणि त्यातले दोन तृतीयांश तर हातांमध्येच, पण बहुतेक जातींचं आयुष्य एक-दोन वर्षांचं, त्यात मादी अंडी राखताना खाणंच सोडते आणि पिल्लं निघाली की मरते, म्हणजे ती जे शिकली ते सगळं तिच्याबरोबर जातं. यावर उपाय जीवशास्त्रातच आहे बरं का: 1977 मध्ये संशोधक जेरोम वोडिन्स्की यांनी अंडी राखणाऱ्या माद्यांच्या ऑप्टिक ग्रंथी (डोळ्यांजवळच्या ग्रंथी, ज्या हे खाणं सोडणं आणि मरण घडवतात) काढल्या, तर त्या माद्यांनी अंडी राखणं सोडलं, त्या परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. तुमच्या कथेत ही ग्रंथी उशिरा जागी होऊ दे, किंवा त्याहून भारी म्हणजे काही माद्या ती मुद्दाम काढून घेतात आणि त्याच पुढच्या पिढीच्या शिक्षिका होतात, मग विधी, नाती, भांडणं सगळं तिथूनच सुचत जाईल. फक्त शिकवणारी आईच हवी असं नाही, 1992 च्या एका प्रयोगात ऑक्टोपस दुसऱ्या ऑक्टोपसकडे नुसतं बघून कोणता चेंडू निवडायचा ते शिकले होते, त्यामुळे शेजारी-शेजारी राहणारी वस्ती दाखवलीत तरी चालेल, पण त्या वस्तीत लहान-मोठे एकत्र हवेत.