सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर वार्निश पांढरट पडलं, काय करू?

खरवडू नकोस, बहुतेक वाचेल. मालवणात भर जुलैत लॅकर वार्निशचा स्प्रे मारलास, घोळ तिथेच झाला. लॅकरमधलं थिनर झटकन उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर धरतं. म्हणून थर दुधाळ दिसतो.

दोन दिवस वाळू दे. मग उघडीप बघून एअरब्रशने रिटार्डर (थिनर सावकाश उडावं म्हणून घालतात ते द्रव्य) घातलेलं लॅकर थिनर लांबून, अगदी भुरभुर मार. थर जरा विरघळतो, अडकलेला ओलावा सुटतो, खालचा करडा रंग परत दिसतो. ओलंचिंब मात्र करू नकोस, डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली चिन्हं-आकडे, सुरकुततात. आधी पंखाच्या खालच्या बाजूला करून बघ.

मी पावसाळ्यात मॉडेल पत्र्याच्या डब्यात छोट्या बल्बच्या उबेत सुकवतो. (आई विचारते, पिल्लं उबवतोयस का?) डबा कोमटच हवा, प्लॅस्टिक वाकतं.

तरी पंखावर थोडी झाक उरलीच, तर राहू दे. ही विमानं 1983 ते 2016 नौदलात होती, गोव्याच्या दाभोळीला हंसा तळावर. खाऱ्या वाऱ्याने रंग उडालाय म्हणून खुशाल खपव.