बॅलडचा, म्हणजे जुन्या कथागीतांचा, संशोधक जोसेफ रिट्सन नुसता चक्रम होता, की बिशप पर्सीवरच्या त्याच्या टीकेत तथ्य होतं?

दोन्ही खरं. माणूस तऱ्हेवाईक होताच, पण भांडणातला मूळ मुद्दा त्याचाच बरोबर होता.

थॉमस पर्सीला श्रॉपशरमधल्या शिफनल गावी, हम्फ्री पिट या स्नेह्याच्या घरी, सतराव्या शतकातली एक हस्तलिखित वही सापडली. कपाटाखाली धूळ खात पडलेली; मोलकरणी तिची पानं विस्तव पेटवायला वापरत होत्या! तिच्यातली आणि इतर ठिकाणची कथागीतं घेऊन त्याने 1765 मध्ये 'रेलिक्स' हा जुन्या इंग्रजी कवितांचा संग्रह तीन खंडांत काढला. पुस्तक गाजलं. पण पर्सीचा हात काही स्वस्थ बसेना. वहीत 'चाइल्ड ऑफ एल' या गीताच्या जेमतेम 39 ओळी उरल्या होत्या, छापील पुस्तकात झाल्या 200. वरच्या सगळ्या पर्सीच्या पदरच्या.

रिट्सन (जन्म 1752) लंडनला ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत जमीनजुमल्याचे दस्त करणारा वकील. दस्तात एक शब्द इकडचा तिकडे झालेला ज्याला खपत नाही, तो हे कसं खपवून घेणार? जुना मजकूर आहे तसा छापा, हा त्याचा हट्ट. इथवर ठीक. पण पुढे त्याने अशी वही अस्तित्वातच नाही असा संशय घेतला आणि पर्सीला जवळजवळ लबाड ठरवलं. वही होती. 1867-68 मध्ये हेल्स आणि फर्निव्हल यांनी ती छापली, आणि पर्सीने किती ढवळाढवळ केली होती तेही त्यातूनच चव्हाट्यावर आलं.

आता चक्रमपणा. 1772 पासून कट्टर शाकाहारी (त्या काळच्या इंग्लंडमध्ये!), फ्रेंच राज्यक्रांतीचा भक्त, इंग्रजी स्पेलिंगही स्वतःच्या मनाने करणारा. 1802 मध्ये मांसाहाराविरुद्ध पुस्तक लिहिलं तेव्हा टीकाकारांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तरी लेखक वॉल्टर स्कॉटचं त्याच्याशी जमलं, हे मला विशेष वाटतं. 1803 मध्ये मात्र डोकं पार बिघडलं. खोलीत कोंडून घेऊन त्याने स्वतःचे कागद जाळले आणि थोड्याच दिवसांत गेला.

वाचायचंच असेल तर 1795 चे त्याचे 'रॉबिन हूड'चे दोन खंड घ्या. जुनी गाणी आहेतच, शिवाय बेविक या चित्रकाराची लाकडी ठशांची चित्रं. प्रस्तावनेत रॉबिनचं चरित्र आहे, ते मात्र जपून वाचा: दुसऱ्यांच्या पुराव्यांवर तुटून पडणारा रिट्सन तिथे दंतकथा बिनदिक्कत मान्य करतो.